शून्य सापडलं, म्हणजे काय

मी कामाला कुठे जाते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण काय करते हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. "ॲप तपासते," एवढं आई सुरतेत, गोडादऱ्यातल्या शेजारणींना सांगायची, आणि शेजारणी मान डोलवून पुन्हा भाजी निवडायला लागायच्या.

तेही खोटं नव्हतं. रिंग रोडजवळच्या एका व्यापारी इमारतीत आमचं छोटं ऑफिस आहे. खालच्या तीन मजल्यांवर साड्यांची दुकानं, त्यामुळे लिफ्टमध्ये माणसांपेक्षा गठ्ठेच जास्त. वर आम्ही. कुणी मोबाइलचं ॲप बनवलं, की बाजारात आणण्याआधी किंवा मोठ्या गिऱ्हाइकाला देण्याआधी ते आमच्याकडे येतं. आम्ही ते उघडून आतला कोड बघतो आणि लिहून देतो, की हे ॲप फोनमधलं काय काय घेतं, कधी घेतं आणि कुठे पाठवतं.

मी लागले तेव्हा हे काम माणसं करायची. पुढे त्यातलं बरंचसं एआय एजंटकडे गेलं. घरी हा शब्द पहिल्यांदा काढला तेव्हा भाऊ लूमवरून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, येऊन जेवायला बसला होता.

"एजंट? आरटीओबाहेर बसतो तसा?"

"तसाच. फक्त चहापाणी मागत नाही."

"मग कामाचा आहे," भाऊ म्हणाला आणि त्यानं डाळ वाढून घेतली.

एजंट म्हणजे एक प्रोग्राम. माणसाला सांगावं तसं त्याला काम सांगायचं, 'हे ॲप घे आणि ते लोकेशन कधी घेतं ते शोध', आणि पुढचं तो आपलं आपण ठरवतो. मात्र त्याला स्वतःला ॲप उघडता येत नाही. त्यासाठी आम्ही त्याच्या हाताशी टूल ठेवतो. एक टूल ॲपची फाइल सोडवून आतला कोड बाहेर काढतं. दुसरं त्या कोडमध्ये शब्द शोधतं. तिसरं सांगतं, की अमुक फंक्शन कुठून कुठून चालू केलं जातं. ही टूल आतून कशी आहेत ते एजंटला दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव आणि त्याखालच्या चार ओळी. कोणतं टूल केव्हा उचलायचं आणि आलेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे तो तेवढ्यावर ठरवतो. त्या चार ओळी लिहिणाऱ्या माणसाची जागा निघाली आणि ती मला मिळाली.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. शाळेत आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाई उत्तरपत्रिका शेजारच्या वर्गातल्या मुलीला वाचायला द्यायच्या. तिला प्रश्न माहीत नसायचा. उत्तर वाचून प्रश्न काय असेल हे तिला सांगता आलं नाही, तर बाई ते उत्तर पुन्हा लिहायला लावायच्या. त्या वेळी याचा कंटाळा यायचा. या जागेच्या परीक्षेत एका टूलचं वर्णन लिहायला दिलं तेव्हा मी तसंच लिहिलं आणि मला घेतलं. कॉलेजचा खर्च भावाच्या लूमवरच्या पगारातून आणि वहिनीच्या साडी-पॅकिंगच्या मजुरीतून निघाला होता. ही गोष्ट मी विसरत नाही, आणि वहिनी कधी काढत नाही.

टूल बनवणारे आमचे सीनियर. ऑफिसात त्यांना सगळे नुसतं 'भाई' म्हणायचे. त्यांच्या घरचं कापड मार्केटात जुनं दुकान. लहानपणी शाळा सुटली की ते गल्ल्याशेजारी बसायचे. दुकान धाकट्या भावाकडे गेलं आणि हे कॉम्प्युटरकडे आले, पण बोलणं मार्केटचंच राहिलं. टूल हुशारीनं बनवायचे. त्याखालच्या ओळीही सुरुवातीला तेच लिहायचे आणि माझ्याकडे फक्त इंग्रजी नीट करायला द्यायचे. ओळी इंग्रजीत असायच्या, इथे मी त्या मराठीत देते. कोडमध्ये शब्द शोधणाऱ्या टूलखाली त्यांनी लिहिलं होतं: 'ॲपच्या कोडमध्ये काहीही, कुठेही असो, क्षणात शोधून देणारं आपलं सर्वात जोरदार टूल. एकदम खात्रीचं.'

"यात फक्त स्पेलिंग बघ हं बेन," ते म्हणाले होते. गुजरातीत बेन म्हणजे ताई, ऑफिसात ते कुठल्याही बाईला लागतं. "माल पक्का आहे."

माल खरंच पक्का होता. त्या टूलनं आमचे कित्येक दिवस वाचवले होते.

हे सगळं चालू असताना वहिनी दहावीला बसली होती. आठवीनंतर तिची शाळा सुटली होती. लग्न, दोन मुलं आणि उधन्यातल्या साडी-पॅकिंगच्या कारखान्यातली बरीच वर्षं झाल्यावर तिनं बाहेरून परीक्षा द्यायचं ठरवलं. गोडादऱ्यात एक निवृत्त शिक्षक संध्याकाळी क्लास घ्यायचे. अडचण एकच होती. लग्नसराईच्या दिवसांत कारखान्यात सहानंतरही थांबवून घ्यायचे आणि 'शिकायला जाते' या कारणावर कुणाला सोडत नसत. आधी एका बाईनं तसं विचारलं तर सुपरवायझर म्हणाला होता, "पढ़-लिख के कौनसा साड़ी ज़्यादा फोल्ड होगा?" म्हणून वहिनीनं सासूचा आजार सांगितला होता. रोज संध्याकाळी सासूला दवाखान्यात न्यायचं असतं, असं.

आई ठणठणीत होती. तिला हे कारण आवडलं नव्हतं, पण सूनबाईची परीक्षा तिलाही हवी होती. वहिनी पिशवी घेऊन क्लासला निघाली की ती दारातून आमच्या अहिराणीत विचारायची, "माले आखो कितला दिन बिमार ठेवशी व?"

"मार्चलोंग," वहिनी चपला घालत म्हणायची. "मंग तुम्ही बऱ्या."

कारखान्यात हे कळलं असतं तर काम गेलं असतं. खोटं सांगून लवकर जाणाऱ्या बाईला तिथे दुसऱ्या दिवशी कुणी आत घेत नाही, हे वहिनीनं पाहिलेलं होतं. काम गेलं असतं तर क्लासही गेला असता, कारण क्लासची फी त्याच मजुरीतून जायची.

त्या हिवाळ्यात कारखान्यानं हजेरीसाठी ॲप आणलं. सगळ्या बायकांच्या फोनमध्ये ते टाकून दिलं. सकाळी फाटकात आल्यावर बटण दाबायचं, जाताना दाबायचं. आठवड्याभरानं एका रविवारी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. वहिनीनं ओले हात साडीला पुसले आणि फोन माझ्यासमोर धरला.

"ताई, हाई देख. काल क्लासमा बठेल व्हतू, तवय बी वर हाऊ बाण ये. हाई ॲप माले तठे बी देखस का?"

क्लासमध्ये बसली असतानाही फोनच्या वरच्या कडेला लोकेशनचा बाण दिसला होता, आणि हे ॲप मला तिथेही बघतं का, असं ती विचारत होती. मी फोन हातात घेतला. ॲपचं निळं चिन्ह मी ओळखलं. तेच ॲप आमच्या ऑफिसात तपासायला आलेलं होतं. बनवणारी कंपनी सुरतेतलीच. उधना, पांडेसरा भागातल्या आणखी बऱ्याच कारखान्यांना ती ते देणार होती. एजंटनं त्याचा कच्चा रिपोर्ट केलेला होता आणि तो मी शुक्रवारीच वाचला होता. त्यात लिहिलं होतं, की लोकेशन फक्त हजेरीचं बटण दाबल्यावर घेतलं जातं.

तपासायला आलेल्या ॲपबद्दल बाहेर बोलायचं नाही, असं आम्ही नोकरीला लागताना लिहून दिलेलं असतं.

"वहिनी, माले ऑफिसनं काही सांगता येत नही," मी म्हणाले.

तिनं फोनवरच्या निळ्या चिन्हावर बोट ठेवलं. "म्हंजे हाई ॲप तुम्हना हापिसमा शे."

"मी असं काही बोललू नही."

"नही ना. म्हनीसनच समजनं."

फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी कमी करता येते, हे कुणालाही माहीत असण्यासारखं होतं, तेवढं मी दाखवलं. तिनं ती 'फक्त ॲप वापरताना' अशी करून ठेवली. सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकात ॲपनं हजेरीच घेतली नाही. पूर्ण परवानगी द्या, अशी पाटी येत राहिली. मागे बायकांची रांग खोळंबली, तेव्हा तिनं परवानगी पुन्हा होती तशी केली आणि आत गेली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं मला फोनवर एवढंच सांगितलं.

मी त्याआधीच बेनकडे गेले होते. नुसतं 'बेन' म्हटलं, की आमच्या ऑफिसच्या मालक. कमी बोलतात, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत चष्मा काढून हातात धरतात. मी त्यांना सांगितलं, की घरातल्या एका माणसाच्या फोनमध्ये हे ॲप आहे, त्या माणसानं विचारलं, मी काही सांगितलं नाही, पण बाणाची गोष्ट रिपोर्टशी जुळत नाही.

बेननी चष्मा घातला. "घरचं माणूस आहे, तर रिपोर्टला तुझा हात नको. भाईला बोलाव."

भाईंनी एजंटचं काम पडद्यावर उघडलं. एजंटनं काय काय केलं त्याची नोंद राहते. ती वाचली तर त्यानं आळस केलेला दिसत नव्हता. ॲप बंद असतानाही लोकेशन घेणारी एक लायब्ररी, म्हणजे आयता जोडलेला कोड, त्याला आत सापडली होती. मग तिला चालू करणारी ओळ शोधायला त्यानं भाईंचं जोरदार, शब्द शोधणारं टूल चालवलं. टूलनं उत्तर दिलं, 'शून्य सापडले.' म्हणून एजंटनं लिहिलं, की ही लायब्ररी ॲपमध्ये नुसती पडून आहे, तिला कुणी चालू करत नाही.

भाईंनी तेच टूल स्वतः चालवलं. "बघा. शून्य."

"भाई, हे टूल त्या बंद फाइलमध्ये बघतं का?" मी विचारलं.

हल्ली बरीच ॲप अशी बनवतात, की बाहेरून दिसणारा कोड थोडासाच असतो आणि खरं काम करणारा कोड आत एका वेगळ्या, घट्ट बांधलेल्या फाइलमध्ये असतो. ती फाइल उघडायला वेगळं टूल लागतं. ते भाईंनीच बनवलं होतं.

"त्यात कसं बघेल? त्याला तर दुसरं टूल आहे," भाई म्हणाले. "ए तो बधाने खबर छे."

सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसात खरंच सगळ्यांना माहीत होतं. चहा आणणाऱ्या काकांना सोडलं तर आमच्यातल्या कुणीही 'शून्य' बघून ती बंद फाइल उघडायला घेतली असती. भाई बोलता बोलता थांबले. मग त्यांनी आपण लिहिलेली ओळ वर काढली आणि मोठ्यानं वाचली, 'काहीही, कुठेही असो.' बेन हसल्या नाहीत, भाईच हसले.

दुसऱ्या टूलनं बंद फाइल उघडली तेव्हा सगळं तिथे होतं. सकाळी हजेरी लागली, की लायब्ररी चालू व्हायची आणि थोड्या थोड्या वेळानं लोकेशन पाठवत राहायची. संध्याकाळचं बटण दाबल्यावर ती बंद करण्याची एकही ओळ कुणी लिहिलेली नव्हती. म्हणजे वहिनी क्लासमध्ये कुठल्या गल्लीत बसते हे कारखान्यात दिसू शकत होतं. कुणी बघितलं होतं का, ते कोडवरून कळत नाही.

बेननी कामं वाटली. रिपोर्ट भाई हातानं पुरा करतील. टूलची वर्णनं मी नव्यानं लिहीन, कारण याच टूलनं एजंटनं आणखीही ॲप तपासली होती आणि ती सगळी पुन्हा चालवावी लागणार होती. "आणि घरी एक शब्द नाही," त्या म्हणाल्या. "कंपनीला रिपोर्ट जाईल. पुढे काय करायचं ते कंपनीनं ठरवायचं."

मी हो म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. संध्याकाळी घरी वहिनी पोळ्या लाटत होती. तिनं काही विचारलं नाही, मीही बोलले नाही.

वर्णन लिहायला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. पहिल्या खेपेला मी पानभर लिहिलं. टूल काय करतं, कसं करतं, कोणत्या प्रकारच्या फाइल कशा ओळखायच्या, सगळं. एजंटला तेच ॲप पुन्हा दिलं. एवढ्या मजकुरात कामाची ओळ त्याच्या हातातून निसटली आणि त्यानं पुन्हा तेच लिहिलं, की लायब्ररी नुसती पडून आहे. मग मी छोटं केलं: 'हे टूल फक्त बाहेरच्या कोडमध्ये शोधतं. बंद फाइलमध्ये शोधत नाही.' या वेळी एजंट 'शून्य'पाशी थांबला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, 'बंद फाइल तपासता आली नाही.' लिहिलं ते खरं होतं, पण उपयोगाचं नव्हतं. ती फाइल उघडणारं टूल त्याच्या हाताशीच होतं. दोघांचा संबंध त्याला कुणी सांगितला नव्हता.

भाई माझ्या मागे उभे राहून वाचत होते. "बेन, तू माझ्या टूलची बदनामी चालवली आहेस."

"बदनामी कसली? ते काय करत नाही, एवढंच लिहिलंय."

"मार्केटात कुणी आपल्या मालावर असं लिहितं का? या साडीला फॉल नाही, या साडीचा रंग जाईल? गिऱ्हाईक पायरी उतरून चालायला लागेल."

"गिऱ्हाईक तुमचं सगळं बोलणं कुठे खरं धरतं, भाई? ते पदर बोटांत धरून चोळून बघतं, उजेडात नेतं, शेजारच्या दुकानात विचारतं. याला बोटं नाहीत. तुम्ही जे लिहाल ते याला खरं."

भाईंनी खुर्ची ओढली. "म्हणजे हा असा गिऱ्हाईक आहे, की जो भाव न करता घेतो."

"हो."

"असा गिऱ्हाईक मला दुकानात एकदाही भेटला नाही," ते म्हणाले. "बिचारा."

मग आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. ती ओळ मला पाठ आहे: 'बाहेरच्या कोडमध्ये दिलेला शब्द शोधतं. बंद फाइल असेल तर तिच्यात बघत नाही. शून्य सापडलं याचा अर्थ बाहेरच्या कोडमध्ये नाही, एवढाच. ॲपमध्ये नाही असा निष्कर्ष काढण्याआधी बंद फाइल उघडणारं टूल चालवावं.' भाईंनी पुढे आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. त्यांनी टूलचं उत्तरच बदललं. आता ते नुसतं 'शून्य सापडले' म्हणत नाही. 'बाहेरच्या कोडमध्ये शून्य सापडले, एक बंद फाइल बघायची राहिली आहे,' असं म्हणतं. वर्णन एजंट सुरुवातीला एकदा वाचतो, उत्तर मात्र त्याला ऐन वेळी समोर दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या खेपेला एजंटनं शून्य बघितलं, दुसरं टूल उचललं, बंद फाइल उघडली आणि लायब्ररी कुठून चालू होते ती जागा दाखवली. बंद करणारी ओळ नाही, हेही लिहिलं. भाईंच्या हाताच्या रिपोर्टशी ते जुळलं. त्यानंतर बाकीच्या टूलांच्या ओळी भाईंनी स्वतः माझ्याकडे आणून दिल्या, प्रत्येकीखाली 'काय करत नाही' लिहून. दोन ठिकाणी त्यांनी इतकं वाईट लिहिलं होतं, की मला टूलची बाजू घ्यावी लागली.

रिपोर्ट कंपनीला गेला. त्यांचा फोन आला तेव्हा मी बेनच्या केबिनबाहेरच बसले होते, आणि दार उघडं होतं. बेन बराच वेळ ऐकत होत्या. मग गुजरातीत म्हणाल्या, "कारखान्यांनी मागितलं असेल, तर तसं बायकांना सांगून घ्या. आमच्या रिपोर्टमधलं वाक्य मात्र आहे तसंच राहील." पलीकडून काहीतरी आलं. "नाही, 'शक्यता आहे' असं नाही लिहिता येणार. कोडमध्ये दिसतं आहे." फोन ठेवल्यावर त्यांनी मला आत बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही. कंपनी नवी आवृत्ती काढणार आहे, हे मला भाईंकडून कळलं. कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

घरी मी गप्पच होते. आठ-दहा दिवस झाले असतील. वहिनी बाण दिसत असतानाच क्लासला जात होती. एके दिवशी ती फोन घरी ठेवून क्लासला गेली, तर दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं विचारलं, फोन बंद का होता? फोन बंद नव्हता, नुसता घरात पडून होता, पण रोजच्यासारखा हलताना दिसला नाही म्हणून त्यानं तसं विचारलं, म्हणजे तो संध्याकाळीही बघतो, हे तिला कळलं. त्या संध्याकाळी ती क्लासहून आली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसली.

"तू इतला दिन काहीच बोलनी नही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "काही नसतं तं तू रविवारलेच म्हनती, वहिनी, घाबरू नको. आते मी सकाळ त्यास्ले सांगीच टाकस."

उद्या मीच त्यांना सांगून टाकते, असं ती म्हणत होती. मला वाटलं, थांब म्हणावं. नवी आवृत्ती येणार आहे, महिनाभर कळ काढ. पण ते सांगायची मला परवानगी नव्हती, आणि महिनाभरात येईलच याची खात्रीही नव्हती. मी तिला एवढंच विचारलं, "काम गेलं तर?"

"तं दुसरं देखसू. पन मी लपीछपी दहावी कऱ्हावनी नही." आईनं आतून आवाज दिला, "मंग मी उद्यापासून बरी का?" आणि वहिनी हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. सुपरवायझरला ती म्हणाली, सासू आजारी नाही, मी दहावीच्या क्लासला जाते, परीक्षा होईपर्यंत सहाला जाईन. तो आधी ओरडला, मग म्हणाला, शेठला विचारतो. दुपारपर्यंत तिला टेबलावरून उठवून बाहेर बसवलं होतं. ती काय करत होती विचारलं तर म्हणाली, विज्ञानाचं पुस्तक पिशवीत होतं, ते वाचत होते. शेठनं काम काढून घेतलं नाही, पण घडीच्या टेबलावरून तिला धागे कापायच्या खोलीत पाठवलं. तिथे खाली बसून काम करावं लागतं आणि मजुरी कमी. सकाळी तासभर लवकर यायचं, अशी अटही घातली. तिनं दोन्ही मान्य केलं. भाऊ चिडला होता. तिनं त्याला सांगितलं, की चिडायचं असेल तर परीक्षेनंतर चिड.

नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात आली. संध्याकाळचं बटण दाबलं, की बाण जायचा. वहिनीच्या ते लक्षात आलं, पण तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि विचारलं नाही. ज्या बायकांना बाण दिसलाच नव्हता त्यांना तो गेलेलाही कळला नाही. वहिनीची घडीच्या टेबलावरची जागा तोपर्यंत दुसऱ्या बाईला दिली होती, ती तिला परत मिळाली नाही.

मी अजून तेच काम करते. नवीन टूल आलं, की भाई ते आणून देतात आणि त्यासोबत दोन ओळी, त्यातली एक नेहमी ते काय करत नाही याची. कधी कधी मी ती वर्णनं शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाचायला देते आणि टूल न दाखवता विचारते, हे काय करत असेल? तिला सांगता आलं, तर पुढे पाठवते.

परीक्षेचा पहिला पेपर होता त्या सकाळी आईनं वहिनीच्या हातावर दही ठेवलं. भाऊ रिक्षा बघायला खाली गेला होता. वहिनीनं फोन काढून कारखान्याच्या ॲपमध्ये रजा टाकली. कारण लिहायला जागा होती. कारखान्यात खरं सांगण्याआधी तिनं तिथे सासूचा आजार लिहिला असता, हे मला माहीत होतं. तिनं उभ्या उभ्या, एका बोटानं, चुकलेलं अक्षर खोडून पुन्हा टाइप केलं: दहावीची परीक्षा. रजा मंजूर झाली की नाही ते बघायला ती थांबली नाही. फोन माझ्या हातात देऊन खाली गेली, कारण परीक्षेला फोन नेऊ देत नाहीत.